जुनी, मॉडिफाय केलेली पिकअप परराज्यात न्यायची: ट्रेलरवर चढवायची की चालवत न्यायची?

ठाण्याहून गुवाहाटी रस्त्याने पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास पडतं. बदलीची ऑर्डर आलेली असते आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये चौदा वर्षांची पिकअप, टाटाची झेनॉन किंवा महिंद्राची गेटवे, उभी असते. चाकं मोठी, पाटे (स्प्रिंग) उचललेले, वर कॅरिअर, मागच्या हौद्यावर कॅनॉपी. घरचे म्हणतात, ट्रेलरवर टाक आणि विमानाने जा. मित्र म्हणतात, अशी गाडी घेतली कशाला मग, चालवत जा. दोन्ही बाजू अंतर बघून बोलत असतात. माझ्या मते अंतराचा नंबर नंतर येतो. गाडीत मूळच्यापेक्षा काय काय बदललं आहे, त्या यादीवर हा निर्णय होतो. ट्रेलरवाला गाडी घेईल का, विमा उभा राहील का, नव्या राज्यातला आरटीओ निरीक्षक सही करेल का आणि रायपूरच्या पुढे काही तुटलं तर ते मिळेल का, या चारही प्रश्नांची उत्तरं त्या यादीतच असतात. म्हणून भाड्याची चौकशी करण्याआधी ती यादी करा.

यादी आणि मापं

एका सुट्टीच्या सकाळी वही, टॉर्च आणि मेजर टेप घेऊन गाडीपाशी बसा. पुढच्या बंपरपासून मागच्या हुकपर्यंत जे जे कंपनीचं नाही ते लिहा: लोखंडी बंपर, विंच, स्नॉर्कल, एलईडी बार, लिफ्ट किट, लांब शॅकल, स्पेसर, रुंद रिम, मोठे टायर, दुसरी बॅटरी, इन्व्हर्टर, छतावरचा तंबू, बदललेल्या सीट, बदललेला रंग, बदललेलं इंजिन. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहायच्या. हिची आरसीवर नोंद आहे का किंवा असायला हवी का? हिच्यामुळे गाडीचं माप किंवा वजन बदललं का? ही वाटेत तुटली तर कुठल्याही जिल्ह्याच्या गावात पर्याय मिळेल का?

मापं टेपनेच घ्या, कंपनीच्या पत्रकातली चालणार नाहीत. जमिनीपासून छतावरच्या सर्वांत उंच टोकापर्यंतची उंची, विंच आणि हुक धरून एकूण लांबी, आरसे मिटून रुंदी आणि पोटाखालचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किती वर आहे ते. शक्य असेल तर वजनकाट्यावर गाडी चढवा. कळंबोली, तळोजा, भिवंडी या पट्ट्यात काट्यांना तोटा नाही. लोखंडी बंपर, विंच, कॅनॉपी आणि ड्रॉवर मिळून किती वजन वाढलं आहे, हे मालकाला बहुतेक वेळा माहीतच नसतं.

मोठ्या टायरचा हिशेबही इथेच करून टाका. २३५/७० आर १६ टायरचा व्यास साधारण ७३५ मिलिमीटर असतो, २६५/७० आर १६ चा ७७७. म्हणजे पावणेसहा टक्क्यांच्या आसपास फरक. मूळ मीटर बरोबर असेल तर काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ च्या जवळ धावत असते. आणि मीटरवर हजार किलोमीटर पडतात तेव्हा प्रत्यक्षात हजार सत्तावन्न झालेले असतात. लांबच्या प्रवासात डिझेलचा हिशेब, सर्व्हिसचं अंतर आणि वेगमर्यादा तिन्हीकडे हे लक्षात ठेवावं लागतं.

कागद आधी, पाना-पक्कड नंतर

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. घोडबंदर रोडवर वर्षानुवर्षं कुणी अडवलं नाही, यावरून चार राज्यं पलीकडे काही ठरत नाही. परराज्यातली नंबरप्लेट, उंच गाडी आणि डोळ्यात भरणारा बंपर एवढं एकत्र आलं की नाक्यावरचा हवालदार हात दाखवतोच.

त्यामुळे सुटे होणारे बदल उतरवून मूळ भाग लावता येत असतील तर लावा. एलईडी बार आणि क्रॅश गार्ड उतरवायला गॅरेजवाल्याला अर्धा दिवस पुरतो. इंजिन किंवा रंग बदलला असेल तर त्याची आरसीवर नोंद हवीच. ती नसेल तर आधी इथल्या आरटीओत ते मिटवा, मगच गाडी हलवण्याचा विचार करा. इंजिन नंबर जुळत नसलेली गाडी चालवत नेऊ नका, ट्रेलरवरही चढवू नका.

गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहणार असेल तर कलम ४७ नुसार तिकडचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी ज्या आरटीओत गाडीची नोंद आहे, म्हणजे ठाणे एमएच ०४, कल्याण ०५, वाशी ४३ किंवा पनवेल ४६, तिथून नमुना २८ वर ना हरकत प्रमाणपत्र काढायचं. नमुना २८ वर चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो आणि जुन्या मॉडिफाय केलेल्या पिकअपमध्ये नेमकं इथेच काम अडतं. बऱ्याच पिकअपमध्ये हा नंबर पुढच्या चाकाजवळ चेसिसच्या पट्टीवर कोरलेला असतो. पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून मारलेलं जाड काळं अंडरकोटिंग त्यावर बसलेलं असतं. ते ग्राइंडरने कधीच काढू नका. आकडे झिजले तर नंबर खोडल्याचा संशय येतो. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं त्यावर बराच वेळ दाबून ठेवा, मऊ झालेला थर लाकडी पट्टीने खरवडा, मग कोरड्या दात घासायच्या ब्रशने खाचा साफ करा. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवली की एकेक आकडा उमटतो. ठसा घेऊन झाला की तिथे ग्रीसचा हात मारून ठेवा, कारण नव्या गावात पुन्हा हेच करायचं आहे.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपायला थोडेच महिने उरले असतील तर नूतनीकरण इथेच उरकून घ्या. परक्या राज्यात, परक्या नंबरच्या, बदल केलेल्या गाडीची तपासणी करून घेणं फार जड जातं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी म्हणजे नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी आणि पीयूसी चालू हवं. पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक नोंदणीची पिकअप असेल तर फिटनेस प्रमाणपत्र बघा. आठ वर्षांनंतर ते दरवर्षी लागतं. ३,००० किलोंपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिटमधून सूट आहे. त्यापुढच्या गाडीला राज्याबाहेर चालवताना परमिट लागतं आणि जुनी गाडी असेल तर त्यातही वयाची अट आडवी येते. अशा गाडीला ट्रेलर हाच सरळ मार्ग आहे.

दिल्ली आणि एनसीआर वाटेत येत असेल तर जास्त सावध राहा. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि नंतरच्या आदेशांनी ते बदलतही राहिले. निघायच्या आठवड्यात ताजी स्थिती बघा आणि शक्य असेल तर तो भाग टाळूनच मार्ग आखा.

विम्याबद्दल दोन गोष्टी. पहिली, बदल कंपनीला कळवलेले नसतील तर दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं. दुसरी बऱ्याच जणांना ठाऊक नसते: आपल्याकडच्या प्रमाणित पॅकेज पॉलिसीत गाडी रस्त्याने किंवा रेल्वेने नेली जात असताना झालेलं नुकसानही धरलेलं असतं. म्हणजे ट्रेलरवर असताना तुमचा स्वतःचा विमा झोपलेला नसतो. मात्र जुन्या गाडीवर पैसे वाचवायला फक्त थर्ड पार्टी विमा घेतला असेल तर यातलं काहीही मिळत नाही. पॉलिसी उघडून वाचा आणि विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

कसाऱ्याची परीक्षा

गाडी चालवत नेण्याजोगी आहे का, हे गॅरेजमध्ये उभ्या गाडीवरून सांगता येत नाही. ठाणेकरांच्या सुदैवाने परीक्षेचा घाट दाराशी आहे. माजिवड्याहून निघून पडघा, शहापूर, कसारा करत इगतपुरी, शंभरेक किलोमीटर. प्रत्यक्ष प्रवासात जेवढं सामान असेल तेवढं भरून जा. पहाटेच्या गारव्यात जाऊ नका, भर दुपारी एसी लावून निघा.

जाताना तीन गोष्टींवर लक्ष असू द्या. घाट चढताना टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागेवरून हलतो का? साठ ते ऐंशीच्या मध्ये तळातून थरथर येते का? उचललेल्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचा कोन बदललेला असतो आणि त्याचा क्रॉस (शाफ्टचा सांधा) लवकर झिजतो. ही थरथर म्हणजे त्याचीच सूचना. आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का?

इगतपुरीत चहाला थांबाल तेव्हा आधी चारही चाकांपाशी जा. हाताची मागची बाजू हबच्या जवळ न्या, टेकवू नका. चारही ठिकाणी ऊब साधारण सारखी असायला हवी. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथलं बेअरिंग गेलंय किंवा ब्रेक चिकटतोय. रुंद रिम आणि स्पेसरवाल्या गाडीत बेअरिंगवर जास्तीचा भार येत असतो, म्हणून संशय आधी त्याच्यावर घ्या. मग खाली वाकून मागच्या डिफरन्शिअलच्या सीलजवळ आणि गिअरबॉक्सखाली तेलाचा ओला माग दिसतो का ते पाहा. घरी परतल्यावर, इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, कूलंटची पातळी बघा. चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पान्याने पुन्हा आवळा. लिफ्ट किट नवीन असेल तर यू-बोल्ट हमखास थोडे फिरतात.

ही फेरी निर्धोक झाली की गुवाहाटी गाठता येईलच असं नाही, पण ही फेरी गाडीला झेपली नाही तर प्रश्नच मिटला. दुरुस्ती करून पुन्हा इगतपुरी, नाहीतर ट्रेलर.

मग निर्णय कसा घ्यायचा

माझा कौल असा. कागद स्वच्छ, बदल थोडे आणि सुटे, टाटा किंवा महिंद्राचं साधं इंजिन, कसाऱ्याची फेरी निर्विघ्न आणि मालकाला किमान टायर, बेल्ट, फिल्टर स्वतः बदलता येतात: चालवत न्या. या दोन कंपन्यांचे भाग आणि ते बसवणारे हात जिल्ह्याच्या जवळपास प्रत्येक गावात मिळतात. इसुझूची सर्व्हिस सेंटर मोजक्या शहरांत आहेत, त्यामुळे त्यांची व्ही-क्रॉस पिकअप असणाऱ्याने भागांची पेटी सोबत बाळगल्याशिवाय निघू नये.

इंजिन बदललेलं (आरसीवर नोंद असली तरी), गिअरबॉक्स दुसऱ्याच गाडीचा, वायरिंग तीन वेगवेगळ्या गॅरेजांनी केलेलं, अशी गाडी ट्रेलरवरच चढवा. तिचा आजार फक्त तिच्या ठाण्यातल्या मिस्त्रीला कळतो. सिलिगुडीतला कितीही हुशार मिस्त्री असला तरी कुठली वायर कुठे जाते हे शोधण्यात त्याचे दोन दिवस जातील.

पगारी ड्रायव्हर देऊन गाडी पाठवणं हा तिसरा पर्याय लोक सुचवतात. नव्या, कंपनीतून आल्या तशा गाडीला तो चालेल. जुन्या मॉडिफाय केलेल्या गाडीला मी तो कधीच सुचवणार नाही. तिचा क्लच कुठे पकडतो, काटा कुठवर गेला की थांबायचं, कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला नवा, हे फक्त मालकाला कळतं.

खर्चाची बेरीज

चालवत जायचं तर: पावणेतीन हजार किलोमीटर, सरासरी दहाची, म्हणजे पावणेतीनशे लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरले तर पावणेपंचवीस हजार रुपये. छतावर तंबू आणि खाली जाड दात्यांचे टायर असतील तर सरासरी दहाच्या खाली येते, त्यामुळे तीस हजार धरून ठेवा. त्यात टोल, पाच-सहा मुक्काम, जेवण, निघण्याआधीची सर्व्हिस आणि वाटेतल्या दुरुस्तीसाठी वेगळी काढलेली रक्कम मिळवा. रजेचे दिवस बुडतात, तेही मोजा.

१५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार-जीपसाठी फास्टॅग वार्षिक पास आला आहे, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या. सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांना होता. पांढऱ्या पाटीच्या गाडीला एवढ्या लांबच्या प्रवासात तो परवडतो. पण तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेवरच चालतो, मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा टोल वेगळा भरावा लागतो. पिवळ्या पाटीला हा पास नाही.

ट्रेलरचं भाडं विचारताना मात्र सगळे फसतात, कारण फोनवर सांगितलेला दर साध्या हॅचबॅकचा असतो. त्यात उंची-लांबीची जादा आकारणी, घर ते यार्ड आणि यार्ड ते घर, जीएसटी, ट्रान्झिट विमा आणि तुमचं स्वतःचं विमान किंवा रेल्वे तिकीट मिळवा. तेव्हा कुठे दोन्ही बाजू तुलनेला येतात.

चालवत जायचं ठरलं तर

कूलंट, होज पाइप, फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, ऑइल, हब ग्रीसिंग आणि ब्रेक लायनर हे निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी करा. आदल्या दिवशी केलेली कामं रस्त्यावर निखळतात. जुने होज पाइप फेकू नका, सुटे म्हणून बरोबर घ्या. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. सहा वर्षांवरचा टायर दाते कितीही शिल्लक असले तरी बदला. स्टेपनी चारही चाकांच्याच मापाची हवी. बऱ्याच गाड्यांत चार मोठे टायर आणि खाली लटकलेली स्टेपनी मात्र मूळ मापाची असते. ती मागच्या चाकाला लावून लांब गेलं तर डिफरन्शिअल तापतो.

पूर्वेकडे निघायला आता भिवंडीजवळच्या आमण्याहून थेट समृद्धी आहे. नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मोटारींना सपाटीवर १२० ची मर्यादा आहे, पण ती तुमच्यासाठी नाही. जुनी, उंच, जड पिकअप तिथे ७५ ते ८० ने डावीकडच्या लेनमध्ये चालवा. तापलेल्या काँक्रीटवर न थांबता तासन्‌तास चालल्याने टायर तापतात, म्हणून हवा सकाळी गार टायरमध्ये तपासा आणि दर दोन तासांनी थांबा. टाकी भरूनच वर चढा.

नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने रायपूर, संबलपूर, तिथून खडगपूर-कोलकात्याच्या बाजूने वर सिलिगुडी आणि मग २७ नंबरने गुवाहाटी. दिवसाला साडेचारशे-पाचशे किलोमीटर पुरे. अंधारात चालवायचं नाही, हा नियम मोडू नका. ट्रॅक्टर, गुरं आणि बिनदिव्याच्या ट्रॉल्या रात्रीच आडव्या येतात, आणि तुमचा एलईडी बार तर आता घरी आहे. जून ते सप्टेंबर कसाऱ्यात दरडींची भीती आणि आसामात पूर. निवड तुमच्या हातात असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत न्या.

एक सूचना कॅम्पिंगची पिकअप असणाऱ्यांना. निघण्याआधी प्रत्येक ड्रॉवर, टूलबॉक्स आणि कॅनॉपीचा कोपरा रिकामा करून बघा. छोटा गॅस सिलिंडर आणि डिझेलचा जास्तीचा डबा काढून टाका. दारूची जुनी बाटली कुठे राहिलेली असेल तर ती नक्की शोधा. गुजरात आणि बिहारात दारूबंदी आहे आणि बिहारात गाडी जप्त होण्यापर्यंत प्रकरण जातं. ट्रेलरवरून जाणाऱ्या गाडीलाही हे तितकंच लागू आहे.

गोव्याकडे जायचं असेल तर आणखी एक वाट आहे. कोकण रेल्वेची ट्रकची रो-रो सेवा १९९९ पासून आहे आणि २०२५ च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा मोटारींसाठीही सुरू झाली. ती चालू आहे का आणि उंच पिकअप घेतात का, हे बुकिंगआधी मापं सांगून विचारा.

ट्रेलरवर पाठवायचं ठरलं तर

मोठा ट्रेलर तुमच्या सोसायटीच्या गल्लीत येणार नाही. गाडी कळंबोली, भिवंडी किंवा तळोजाच्या यार्डात न्यावी लागते. वाहतूकदार म्हणतो, आमचा मुलगा येऊन घेऊन जाईल. नको. यार्डात गाडी स्वतः न्या आणि चढेपर्यंत तिथेच उभे राहा.

दुमजली कार कॅरिअर साध्या मोटारींच्या हिशेबाने बांधलेले असतात. मुकादम टेप लावतो आणि म्हणतो, "शेठ, खाली ही बसत नाही. कॅरिअर काढा. वर घेतो, पण वर दीड गाडीची जागा खाते ही, पैसे तसे लागतील." ऐनवेळी, आगाऊ रक्कम दिलेली असताना, हे ऐकायचं नसेल तर बुकिंगच्या मेसेजमध्येच उंची, लांबी, वजन आणि चारही बाजूंचे फोटो पाठवा आणि "या मापाची गाडी मान्य" असं लेखी उत्तर घ्या. फार उंच गाडीसाठी उघडा सपाट ट्रेलर मागा. पाऊस-धूळ बसेल, पण गाडी सुखरूप चढते.

वाहतूकदार निवडताना सर्वांत कमी दराला भुलू नका. स्वस्तात गाडी उचलायची आणि पोहोचल्यावर जादा पैशांसाठी अडवून धरायची, हा प्रकार सर्रास चालतो. जीएसटी नंबर तपासा, बिलावरचं नाव आणि बँक खात्याचं नाव एकच आहे ना ते बघा. गाडी चढताना बिल्टी (वाहतूकदाराची पावती), ट्रेलरचा नंबर आणि चालकाचा मोबाइल हातात घ्या. उरलेलं भाडं गाडी ताब्यात आल्यावरच द्या.

बिल्टीवर गाडीची किंमत लिहिलेलीच हवी. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखालच्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. त्यावर हवी असेल तर जास्त जोखमीचा दर भरून तसं लिहून घ्यावं लागतं. मूळ गाडीची किंमत आणि तिच्यावर केलेला खर्च यात खूप अंतर असेल तर हा फरक भरायला मागेपुढे पाहू नका.

चढवण्याआधीची तयारी: टाकी पाव भरलेली, कॅनॉपी रिकामी, सुटे दिवे आणि रेडिओ काढलेले, विंचचा हुक बांधलेला. दुसऱ्या बॅटरीची जोडणी सोडवा. हौसेने केलेल्या वायरिंगमध्ये शॉर्ट झालं तर शेजारच्या गाड्याही जळतात. फास्टॅगवर अॅल्युमिनियम फॉइल चिकटवा, नाहीतर ट्रेलर टोलनाक्यातून जाताना तुमच्या खात्यातूनही पैसे जाऊ शकतात. गाडी धुवून, दिवसाउजेडी चारही बाजू, तळ, टायर, काचा, मीटरचा आकडा आणि इंजिनचा व्हिडिओ घ्या, त्यात ट्रेलरचा नंबरही येऊ द्या.

रॅम्पवर गाडी चढताना तिच्या बाजूला वाका आणि पोटाखाली बघत राहा. पुढची चाकं वर गेल्यावर आणि मागची अजून खाली असताना रॅम्पची कड साइड स्टेप किंवा एक्झॉस्टला लागते. लागेल असं दिसलं तर थांबवा आणि रॅम्पखाली लाकडी फळ्या घालून चढ कमी करायला सांगा. वर गेल्यावर बांधणी बघा. पट्टे टायरवरून, चाकाला धरून ताणलेले हवेत. लोखंडी बंपरला किंवा अॅक्सलला साखळी घालून गाडी खाली आवळली तर उचललेले पाटे वाटभर हिसके खातात आणि साखळी सैल पडते. गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाकांमागे लाकडी ठोकळे. बंद पडलेली गाडी असेल आणि हायड्रा (क्रेन) बोलावला तर बंपरला साखळी लावून उचलू देऊ नका, चाकांना पट्टे लावूनच उचलायची.

दोन्हींचा मेळही घालता येतो. ट्रेलरने कोलकाता किंवा सिलिगुडीपर्यंत पाठवायची, तिथे उतरवून घ्यायची आणि उरलेला पट्टा स्वतः चालवायचा. मोठ्या शहरांदरम्यान ट्रेलर नियमित धावतात. लहान गावासाठी गाडी यार्डात भर होईपर्यंत पडून राहते, किंवा अनोळखी ड्रायव्हर ती शेवटचं अंतर चालवत आणतो.

उतरवून घेताना घाई होते, कारण चालकाला पुढे जायचं असतं. तरीही निघतानाचा व्हिडिओ मोबाइलवर समोर ठेवून गाडीभोवती फिरा, तळ बघा, मीटरचा आकडा जुळवा, स्टेपनी आणि टॉमी-जॅक मोजा. काही लागलेलं दिसलं तर पोचपावतीवर सही करण्याआधी ते त्याच कागदावर शब्दांत लिहा आणि चालकाची सही घ्या. नंतर फोनवर भांडून काही हाती लागत नाही. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. वाहतूकदाराला लेखी नोटीस पाठवण्याची मुदत बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांची आहे. ती गाडी पोहोचल्याच्या दिवसापासून मोजली जात नाही, म्हणून बिल्टीची मूळ प्रत त्या तारखेसह सांभाळून ठेवा.